फ्युएल पंप चालू होत नाही: स्कॅनर, मीटर, बल्ब की थेट टाकीला हात?

चावी ऑन केली की मागच्या सीटखालून दोनेक सेकंद एक बारीक गुणगुण येते. कान तिला इतके सरावलेले असतात की ती आली नाही हे आधी जाणवतच नाही. जाणवतं सेल्फ मारल्यावर. इंजिन जोरात फिरतं, पण पकडत नाही. मग कुणीतरी म्हणतं, "पंप गेला," आणि नवा पंप कुठल्या कंपनीचा घ्यायचा यावर बोलणं सुरू होतं.

मला त्या घाईला थोडं थांबवायचं आहे. पंप फिरत नाही एवढ्यावरून पंप खराब आहे असं ठरत नाही. पंपाला करंट पोहोचण्याआधी वाटेत बॅटरी, फ्यूज, रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच), रिलेला हुकूम देणारा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), इंजिन फिरतंय ही बातमी ईसीयूला देणारा क्रँक सेन्सर, काही गाड्यांत धडक बसल्यावर पंप तोडणारा इनर्शिया स्विच, गाडीच्या पोटाखालून गेलेली वायर आणि टाकीवरचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) एवढं सगळं लागतं. परतीच्या वाटेवर अर्थ, म्हणजे बॉडीमार्गे बॅटरीच्या निगेटिव्हला जाणारी जोडणी. यांतलं काहीही तुटलं तरी बाहेर लक्षण एकच, शांतता. माझ्या एका गाडीत बिघाड अर्थच्या गंजलेल्या बोल्टमध्ये होता. तो सापडला नवा पंप बसवून झाल्यावर, कारण नवा पंपही तितकाच गप्प होता. टाकी उतरवण्यात गेलेला तो दिवस मी विसरलेलो नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

तपासायच्या पद्धती पाच-सहा आहेत. त्यांतली सर्वात चांगली कुठली, असं विचारण्यापेक्षा प्रत्येक पद्धत नेमकं काय सांगते आणि काय सांगू शकत नाही, हे पाहिलं तर निवड सोपी होते.

कुठलीही पद्धत वापरा, आधी हे लक्षात ठेवा

बहुतेक इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाड्यांत चावी ऑन केल्यावर ईसीयू पंपाला फक्त दोन-तीन सेकंद चालवतो. लाइनमध्ये प्रेशर भरलं की बंद करतो, आणि इंजिन फिरत असल्याची खूण मिळाली तरच पुन्हा चालू करतो. म्हणजे चावी ऑन करून तुम्ही मागे जाऊन मीटर लावेपर्यंत सप्लाय गेलेला असतो. मीटरवर शून्य दिसतं आणि "वायर तुटली" असा चुकीचा निष्कर्ष निघतो. आधी मीटर किंवा बल्ब जोडून ठेवायचा, मग दुसऱ्या माणसाला चावी ऑन करायला किंवा सेल्फ मारायला सांगायचं.

हातात काहीच नसेल तर

कान, बोट आणि एक रिले. रस्त्यात गाडी अडली असेल तर एवढंच असतं, आणि ते कमी नाही.

फ्यूज काढून पाहा. तो जळलेला असेल तर नवा टाकून आनंदून जाऊ नका. फ्यूज उगाच जळत नाही, पंप आतून जाम होऊन जास्त करंट ओढतोय किंवा वायर कुठेतरी घासून बॉडीला लागली आहे. फ्यूज ठीक असेल तर रिलेवर बोट ठेवून चावी ऑन करा. टक् असं जाणवलं तर ईसीयूचा हुकूम येतो आहे. पण रिलेच्या आतले पॉइंट जळलेले असले तरीही टक् होतं, त्यामुळे त्या आवाजाने रिले निर्दोष ठरत नाही. शेजारी त्याच नंबरचा दुसरा रिले असेल तर अदलाबदल करून पाहणं एका मिनिटाचं काम आहे. टक् झालंच नाही तर पंपाकडे बघूच नका. बिघाड हुकुमाच्या बाजूला आहे: इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा), मुख्य रिले यांपैकी काहीतरी, किंवा रिलेची कॉइल.

टाकीला खालून रबरी हातोडीने थाप मारायची जुनी पद्धतही याच गटातली. थाप मारता मारता सेल्फ मारला आणि गाडी सुरू झाली, तर बहुधा पंपातले कार्बन ब्रश झिजले आहेत. पंप शेवटच्या घटका मोजतो आहे, घरी पोहोचा आणि बदला. मात्र त्याच धक्क्याने ढिला कपलरही क्षणभर जुळू शकतो. म्हणून थाप हा पुरावा मी ऐंशी टक्क्यांचा मानतो, पुऱ्याचा नाही.

इनर्शिया स्विच असलेल्या गाडीत त्याचं बटण दाबून पाहायला विसरू नका. खड्ड्यातल्या आपट्यानेही तो उडू शकतो. पण धडकेनंतर उडाला असेल तर आधी गाडीखाली पेट्रोल गळतंय का ते पाहायचं, मगच दाबायचं.

स्कॅनर

स्कॅनर, म्हणजे ईसीयूतले बिघाडाचे कोड आणि आकडे वाचणारं यंत्र, हुकुमाच्या बाजूसाठी उत्तम, पंपासाठी मर्यादित. पी 0230 ते पी 0232 किंवा पी 0627 असा कोड आला की लोक लगेच पंप मागवतात. ते कोड मात्र पंपाच्या सर्किटबद्दल बोलतात. रिले, वायर, पंपाचं कंट्रोल मॉड्यूल हे सगळं त्या एका शब्दात आलं. कोड आलाच नाही तर पंप ठीक, असंही नाही. कित्येक गाड्यांत ईसीयूची नजर रिलेच्या कॉइलपर्यंतच पोहोचते, त्यापुढची तुटलेली वायर त्याला दिसत नाही.

स्कॅनरचा खरा उपयोग लाइव्ह डेटामध्ये आहे. सेल्फ मारताना आरपीएम पाहा. इंजिन फिरतंय आणि आकडा शून्यच राहतोय, तर ईसीयूच्या दृष्टीने इंजिन थांबलेलं आहे, आणि थांबलेल्या इंजिनाला तो पेट्रोल देणार नाही. दोष क्रँक सेन्सरकडे गेला. त्यात बहुतेक वेळा चावी ऑनची ती दोन सेकंदांची गुणगुण येते, पण सेल्फ मारताना पंप गप्प राहतो. हा फरक कानानेही पकडता येतो. ज्या गाडीत स्कॅनरवरून पंप चालू करण्याची सोय आहे, तिथे हे साधन फारच कामाचं, कारण दोन सेकंदांची कटकट मिटते.

मीटर की बल्ब

खरी निवड इथे आहे, आणि सर्वात जास्त पंप विनाकारण बदलले जातात तेही इथेच.

मल्टिमीटर कपलरवर लावला, सेल्फ मारला, 12 व्होल्ट दिसले, पंप फिरला नाही. कुणालाही वाटेल की पंपच गेला. पण चांगला डिजिटल मीटर सर्किटमधून जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्याचा आतला रोध साधारण 10 मेगाओहम असतो. वायरच्या सगळ्या तारा गंजून एकच केसाएवढी तार उरली असली, तरी तिच्यातून मीटरला 12 व्होल्ट दिसतील. पंपाला मात्र साधारण 4 ते 8 अँपिअर लागतात. ते त्या एका तारेतून जात नाहीत.

आकड्यांत पाहा. वाटेत गंजामुळे 2 ओहम रोध वाढला आहे असं समजा. मीटर 12 दाखवेल. एलईडीवाला टेस्टर लखलखीत पेटेल, तो काही मिलिअँपिअरच मागतो. साध्या छोट्या बल्बचा टेस्ट लॅम्प पाव अँपिअरच्या आसपास ओढतो, त्यालाही अर्ध्या व्होल्टचाच तोटा होईल आणि तोही बऱ्यापैकी पेटेल. आता तिथेच हेडलाइटचा 55 वॅटचा बल्ब लावा. तो सुमारे साडेचार अँपिअर मागतो, म्हणजे जवळपास पंपाएवढंच. त्याच्या वाट्याला निम्म्याच्या आसपास व्होल्टेज येईल आणि तो मंद, लालसर पेटेल. मीटरने लपवलेली गोष्ट बल्ब उघडी करतो.

म्हणून साध्या, दोन वायरच्या पंपासाठी माझं मत स्पष्ट आहे: आधी बल्ब. इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्बही चालेल, तो पावणेदोन अँपिअर ओढतो. टाकीवरचा कपलर काढायचा, बल्ब कपलरच्या सप्लाय आणि अर्थ या दोन्ही पिनांच्या मध्ये जोडायचा, कारण बॉडीला लावलात तर खराब अर्थ सुटून जाईल. मग सेल्फ. बल्ब जोमाने पेटला तर फ्यूजपासून अर्थपर्यंत सगळं ठीक आहे, उरला फक्त पंप. मंद पेटला किंवा पेटलाच नाही तर पंप काढू नका.

मीटरचं काम इथून पुढे सुरू होतं. बल्ब सांगतो की तोटा होतो आहे, कुठे होतो आहे ते मीटर सांगतो. बल्ब जोडलेलाच ठेवा. मीटरची लाल तार बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळी कपलरच्या सप्लाय पिनला, आणि सेल्फ मारा. जो आकडा दिसेल तेवढं व्होल्टेज वाटेत हरवतं आहे. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं, एक व्होल्टच्या वर गेलं की वाटेतला प्रत्येक जोड तपासायचा. अर्थच्या बाजूला लाल तार कपलरच्या अर्थ पिनला आणि काळी बॅटरीच्या निगेटिव्हला, तिथे 0.2 व्होल्टच्या वर गेलं की मी बोल्ट उघडून घासतोच.

बल्बच्याही मर्यादा आहेत. ईसीयूच्या बारीक वायरींवर तो कधीच लावू नका, आतला ट्रान्झिस्टर जळू शकतो. तिथे मीटरच. नव्या गाड्यांत पंपाचा वेग बदलणारं कंट्रोल मॉड्यूल असतं, ते सप्लाय तुकड्यातुकड्यांनी देतं. अशा गाडीत पंपाच्या कपलरवर बल्ब मंद पेटणं हा बिघाड असेलच असं नाही. बल्बची चाचणी मॉड्यूलच्या सप्लाय आणि अर्थच्या जाड वायरींवर घ्या आणि पुढचं स्कॅनरवर सोडा. पंपाला तीन जाड वायरी जात असतील तर तो बहुधा ब्रशलेस, तीन फेजचा पंप आहे. त्याला बॅटरीचा सप्लाय थेट देऊच नका.

रिलेला बगल

रिले काढून त्याच्या जागेत 30 (सप्लाय येणारी) आणि 87 (पंपाकडे जाणारी) या पिना फ्यूज असलेल्या वायरने जोडल्या की पंपाला ईसीयूच्या हुकुमाशिवाय सप्लाय जातो. पंप गुणगुणला तर दोष रिलेत किंवा हुकुमात, फ्यूज ठीक असूनही नाही गुणगुणला तर वायरीत किंवा पंपात. एका झटक्यात अर्धं सर्किट संशयातून सुटतं आणि गाडीखाली जावं लागत नाही. वेळ आणि उत्तर यांचा हिशेब मांडला तर याच्याइतकी किफायतशीर पद्धत दुसरी नाही. फक्त पिनांची ओळख पक्की हवी. 85 किंवा 86 वर (कॉइलच्या पिनांवर) चुकून सप्लाय दिलात तर तो थेट ईसीयूत जाऊ शकतो. रिलेच्या पाठीवर आकृती छापलेली असते, ती पाहूनच जोडा.

प्रेशर गेज, क्लॅम्प आणि ओहम

पंप फिरतो आहे पण गाडी चालत नाही, या तक्रारीसाठी गेज हवाच. साध्या पोर्ट इंजेक्शनमध्ये साधारण 3 ते 4 बार अपेक्षित असतात. पंप फिरतच नसेल तर गेज शून्य दाखवेल, आणि ते तर तुम्हाला ठाऊकच आहे.

पंपाच्या पिनांवर ओहम मोजणं एकतर्फी आहे. रोध अनंत आला तर पंप किंवा त्याची आतली वायर तुटलेली. एक-दोन ओहम आले तर काहीच सिद्ध होत नाही, जाम झालेला पंपही तेवढेच दाखवतो. कमी अँपिअरचा डीसी क्लॅम्प (वायरीभोवती अडकवायचा मीटर) असेल तर त्याहून चांगलं, कारण तो वायर न कापता खरा करंट सांगतो: शून्य म्हणजे वाट तुटलेली, खूप जास्त म्हणजे पंप जाम.

मग तुम्ही काय निवडाल

रस्त्यात असाल तर फ्यूज, रिलेची अदलाबदल, थाप, याच क्रमाने. घरी असाल, गाडी दहा-बारा वर्षांची आणि पंप दोन वायरचा असेल, तर रिलेला बगल देऊन सुरुवात करा आणि पंप गप्पच राहिला तर टाकीवर बल्ब. स्कॅनर आणण्याची गरज बहुधा पडणार नाही. रिले टक् करतच नसेल किंवा गाडीत पंपाचं मॉड्यूल असेल, तर उलट क्रम: आधी स्कॅनर, मग मीटर. गाडी दुसऱ्याकडे देणार असाल तर पंप बदलायला हो म्हणण्याआधी एवढंच विचारा, की कपलरवर लोड लावून सप्लाय आणि अर्थ तपासला का.

सगळे जोड चावी बंद असताना करा, म्हणजे ठिणगी कपलरवर पडत नाही, रिलेच्या आत पडते. हॅलोजन बल्ब प्रचंड तापतो, त्याला लांब वायरी जोडून टाकीपासून दूर ठेवा. टाकीचं झाकण उघडायची वेळ आली की बल्ब बाजूला, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडलेली, दारं उघडी आणि अग्निशामक हाताशी.

बल्ब जोमाने पेटला आणि पंप गप्पच राहिला, तर पंप बाहेर काढा. पण नवा बसवण्याआधी जुन्याच्या पिना आणि टाकीच्या झाकणातून आत जाणाऱ्या वायरी पाहा. प्लॅस्टिक वितळून तपकिरी झालेलं असेल तर करंट बरेच दिवस तिथे अडखळत होता. अशा वेळी नुसती मोटर बदलून भागत नाही, कपलरही नवा घ्या, नाहीतर नवा पंप त्याच जळक्या पिनांवर बसेल. आणि पंपाच्या जाळीत गाळ साचला असेल तर टाकी धुऊनच नवा पंप आत सोडा.