शब्दावर की कागदावर?

आमच्या हार्डवेअरच्या दुकानात उधारीची लाल वही आहे. गिऱ्हाईक कितीही जुनं असो, नावापुढे आकडा आणि सही. घरात मात्र सगळं शब्दावर. मेहुण्याला दीड लाख दिले, तेव्हा कागद काढायची लाज वाटली.

त्याच्या लेखी ती मदत होती, माझ्या लेखी उसने. पुढच्या दोन भाऊबिजांना तो विषय ओवाळणीच्या ताटाशेजारी गप्प बसून होता.

कायदाही आठवणीवर चालत नाही. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार वेगळं ठरलेलं नसेल तर नफा-तोटा सारखाच वाटायचा. मग एकाने दहा लाख घातले असोत की दोन. उसन्या पैशांच्या दाव्यालाही साधारण ३ वर्षांची मुदत. तोंडी ठरलेलं चालतं, पण सिद्ध कोण करणार?

कागदाची खोट अशी की तो माफ करत नाही. माफ करायचं ते माणसालाच. तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत सोडली, पण परंपरा सांगते की फक्त स्वतःच्या वाट्याची. धाकट्या भावाची, कान्होबांची, त्याच्याकडे ठेवली. मला हा हिशेब फार नेमका वाटतो. सोडायचं तर आपलं, आणि आपलं किती हे आधी माहीत हवं.

म्हणून यंदा धाकट्या भावाबरोबर गाळा घेताना करारनामा केलाच. आई दोन दिवस बोलली नाही. मित्रांना पाच-दहा हजार अजूनही शब्दावरच देतो, बुडाले तरी झोप येईल एवढेच. बायकोशी मात्र हिशेब नाही. तिनेही मागितलेला नाही, अजून तरी.