जागेवरून फेक की एक्स-स्टेप?

डिस्क गोल्फ म्हणजे चपटी डिस्क फेकत फेकत टोपलीत टाकण्याचा खेळ. त्यातला बॅकहँड, म्हणजे डिस्क छातीसमोरून मागे नेऊन मारलेली फेक, हाताचा वाटतो, पण बिघडतो पायांत. (इथे उजव्या हाताची फेक धरली आहे, डावखुऱ्यांनी उलटं वाचावं.)

जागेवरून फेकताना पाय आधीच रोवलेले असतात. डिस्क मागे नेताना वजन डाव्या, म्हणजे मागच्या पायाच्या आतल्या बाजूवर येतं आणि हात पुढे येण्याआधी ते उजव्यावर सरकायला हवं. चूक लगेच कळते: फेकून झाल्यावरही मागच्याच पायावर उभे असाल, तर जोर नुसत्या खांद्याचा होता.

एक्स-स्टेपमध्ये उजवं पाऊल, त्याच्यामागून डावं, मग पुन्हा उजवं. अंतर वाढतं, पण त्या शेवटच्या उजव्या पायाने वेग अडवला तरच. वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय अडवतो तसा. अंग पुढे वाहवत गेलं, तर सगळी धाव फुकट. फेकीनंतर टाचेवर वळा, नाहीतर गुडघा पिळवटतो.

टी-पॅडवर, म्हणजे पहिल्या फेकीच्या ओट्यावर, एक्स-स्टेप ठीक. फेअरवेवर, म्हणजे तिथून टोपलीपर्यंतच्या वाटेवर, मात्र डिस्क सुटताना पाय मार्करमागच्या (आधीची फेक जिथे थांबली तिथल्या खुणेमागच्या) २० बाय ३० सेंटिमीटरच्या चौकटीत टेकलेला हवा. झाडीत, ओल्या उतारावर धावत येऊन ती चौकट साधणं म्हणजे नसती उठाठेव. आणि नवशिक्यांनी महिनाभर तरी जागेवरूनच फेकावं.