ब्रेस्ट पंप, सहा महिन्यांनंतर: सगळं नीट, फक्त ती चोच!

मोटर, बॅटरी, मोड हे सगळं खोक्यावर छापलेलं आहे. मला बोलायचंय ते नखाएवढ्या सिलिकॉनच्या डकबिल वॉल्व्हबद्दल, म्हणजे पंपाची खेच टिकवणाऱ्या झडपेबद्दल. बदकाच्या चोचीसारखा दिसतो, म्हणून घरात त्याचं नाव चोच.

रजेचे 26 आठवडे संपले तेव्हा लेक पाच महिन्यांची होती. पावडरच्या डब्यांचा खर्च वाचेल, असा हिशोब नवऱ्याला सांगून साडेचार हजारांचा पंप घेतला. पहिले तीन महिने मी याची फुकट जाहिरात करत होते. ऑफिसच्या स्टोअर रूममध्ये, दाराला कडी नाही म्हणून खुर्ची लावून बसायचे. एका वेळेला 110-120 मिली सहज निघायचं. (मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत दिवसाला दोन ब्रेक कायद्यानेच मिळतात. एचआरला हे मीच सांगितलं.)

मग 120चे 80 झाले, 80चे 40. घरात निदान तयार: दूध आटलं! आईचे डिंकाचे लाडू, सासूबाईंची अळिवाची खीर, वर शतावरी. वजन वाढलं ते माझंच. लेक अंगावर पिताना घटाघट गिळत होती, दिवसाला सहा-सात लंगोट ओले करत होती, तिकडे कुणाचं लक्षच नाही. पावडरचा डबासुद्धा येऊन पडला.

कस्टमर केअरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, तुमचं दूधच कमी होत असेल." पंप पाठवा, 15 दिवसांत तपासून देऊ. अरे बाबा, दूध काढलंच नाही तर शरीर बनवणंही कमी करतं. पंप विकता ना तुम्ही?

नऊ महिन्यांच्या लसीला गेले तेव्हा सिस्टरांपाशी रडगाणं गायले. त्यांनी दुसऱ्या दिवशी पंप आणायला लावला, चोच ट्यूबलाइटसमोर धरून दाबली. "अगं, हे फाटलंय. खेच कुठून येणार?" फनेलही (छातीला लावायचं नरसाळं) 24 मिमीचं मोठं पडतंय, 21चं घे म्हणाल्या.

चोचींची नवी जोडी 180 रुपयांना. वॉरंटीत बसत नाही म्हणे! पहिल्या दिवशी 60 मिली, 100 वर यायला आठवडा लागला, कारण मधल्या काळात दूध खरंच थोडं उतरलं होतं.

इथपर्यंत लिहून एकच तारा देणार होते. पण माहितीपत्रक शोधून काढलं. मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंय: वॉल्व्हमध्ये ब्रश घालू नका, दर दोन-तीन महिन्यांनी बदला. आणि मी रोज रात्री बाटलीचा ब्रश घालून खसाखसा घासत होते. दुधाचं भांडं चिकट राहता कामा नये, ही आईची शिकवण. म्हणून दोन तारे परत. उरलेले दोन त्या मुंगीअक्षरांपायी कापले ते कापले.

आता पर्समध्ये जास्तीची जोडी असते. परवा अकाउंट्समधल्या मुलीचंही "दूध आटलं", तेव्हा तिला दिली. तिचं सुरळीत चालू आहे. 180 रुपये अजून आले नाहीत, आणि स्टोअर रूमला कडीही.