डीपीएफ (डिझेलच्या धुरातली काजळी धरणारा फिल्टर) काढायला देऊ नका, वडाळ्याच्या एका गॅरेजचा अनुभव (1 स्टार)

माझा बीएस6 टेम्पो आहे, वडाळा ट्रक टर्मिनलवरून दादर, परळ, भायखळा असा माल टाकतो. दिवसभर पहिल्या दुसऱ्या गिअरवर ट्रॅफिकमध्ये रखडायचं, त्यात सायलेन्सर नीट तापतच नाही, आणि डीपीएफमधली काजळी जळायला 600 डिग्रीच्या आसपास तापावं लागतं. मग फिल्टर चोकअप, डॅशबोर्डवर लाईट, गाडी ओढेना. टर्मिनलजवळचा एक गॅरेजवाला (नाव लिहीत नाही) म्हणाला दादा रोजची कटकट कशाला, काढूनच टाकू, पिकअप वाढेल एव्हरेज पण वाढेल. 18 हजार घेतले.

डबा कापला, आतली जाळी फोडून काढली, परत वेल्डिंग मारलं, बाहेरून बघून कळणार पण नाही, वर लॅपटॉप लावून मॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरमधलं सेटिंग) बदलला म्हणजे लाईट लागायला नको. काम सफाईने केलं, पिकअप पण आला, खोटं कशाला बोलू.

पण चौथ्या दिवशी लोड घेऊन टिळक ब्रिज चढताना अ‍ॅक्सिलेटर दाबला आणि आरशात मागचं काही दिसेना. धूर विरला तेव्हा दिसलं, मागे स्कूटीवर एक बाई, पुढे उभी युनिफॉर्ममधली पोरगी, आईने ओढणीने तिचं तोंड दाबून धरलेलं. मला कसंतरीच झालं. मॅपमध्ये डिझेल जास्त सोडलंय, तेवढी हवा मिळत नाही, अर्धवट जळालेलं काळं होऊन बाहेर पडतं आणि ते धरायला जाळीच नाही. आधी सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं तरी स्वच्छ यायचं, आता कोळसा. डिझेलच्या धुराने कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने 2012 लाच सांगितलंय, आणि आमच्या चाळीत तळमजल्याच्या काकूंना दमा आहे, सकाळी गाडी चालू केली की त्या खिडकी लावून घ्यायच्या.

एव्हरेज काडीचं वाढलं नाही. पीयूसीला नापास. कायद्याने 10 हजारापर्यंत दंड, 3 महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, लायसन्स 3 महिने जाऊ शकतं, यातलं एक अक्षर त्याने सांगितलं नव्हतं. परत गेलो तर म्हणतो पीयूसीच्या दिवशी घेऊन या, सेटिंग करून देतो. मला ते नकोच होतं.

कोणाची लाईट लागली असेल तर आधी रात्री ईस्टर्न एक्स्प्रेसवर वीस-पंचवीस मिनिटं एका स्पीडला गाडी पळवा, बऱ्याचदा तेवढ्यात काजळी जळते. नाहीच गेली तर फिल्टर काढून मशीनवर साफ करून मिळतो, तो परत बसवा. माझी जाळी फोडलेली, त्यामुळे नवीनच घ्यावा लागतोय, ओरिजिनल मॅप पण परत टाकायचाय. ऑर्डर दिलीय, आठ दिवस लागतील म्हणाले. तोवर भाडी बंद, गाडी टर्मिनललाच उभी केलीय, चाळीत आणत नाही.