५.१ सराउंडच्या नावाखाली ९४,४०० रुपये घातले – सांगली-मिरजेकडच्या गाडीवाल्यांनी वाचाच

चौऱ्याण्णव हजार चारशे रुपये. गाडीत '५.१ सराउंड, डीएसपी ट्यूनिंगसह' (म्हणजे चहूबाजूंनी येणारा आवाज, आणि तो कानाशी जुळवणारा डिजिटल प्रोसेसर) बसवून देतो म्हणून सांगलीतल्या एका कार डेकोरवाल्याने माझ्याकडून एवढे घेतले. गाडीत निघाला आवाजाच्या चारच वाटा असलेला साधा ॲम्प्लिफायर (चार चॅनलचा ॲम्प), ॲल्युमिनियमच्या वायरी आणि कशालाच नीट न जोडलेला एक सेंटर स्पीकर. दुकानाचं नाव इथे लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगात आहे आणि वकिलांनी तसं बजावलंय. पण त्याची पद्धत सगळी लिहितो. नाव बदलून दुकान परत उघडता येतं, पद्धत तीच राहते.

मी औषध कंपनीत एमआर आहे. विटा, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, सगळी लाइन गाडीनेच करावी लागते. डॉक्टरांच्या दारात तासन्तास थांबायचं, मग परत रस्ता. या सगळ्यात माझं स्वतःचं असं एकच सुख आहे, ते म्हणजे गाडीतलं गाणं. मी मिरजेत वाढलो, सतारमेकर गल्लीच्या अगदी जवळ. शाळेतून येताना कारागीर तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेला तो झंकार देणारी घोडीवरची घडण, लावताना बसून ऐकायचो. (त्याच मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.) म्हणजे मी काही 'डुब डुब' वाजलं की खूश होणारा माणूस नाही. कोणी म्हणेल हौसेला मोल नसतं. मला मोल होतं, वर्षभर इन्सेंटिव्ह बाजूला ठेवून जमवलेलं.

दुकान एका मित्राने सुचवलं. तिथे डेमोची गाडी कायम दारात उभी असते. काचा वर करून आत बसवतात, एसी लावतात आणि एक ध्रुपदाचं रेकॉर्डिंग लावतात. खरं सांगतो, गवय्याचा आवाज डॅशबोर्डच्या मधोमध समोरून येत होता, पखवाज किंचित उजवीकडे, आणि तानपुरा मागून सगळ्या केबिनभर. त्या गाडीतली सिस्टीम अस्सल होती, त्याबद्दल मला आजही शंका नाही. सगळा सापळा तिथेच आहे. ऐकवायचं ते आणि बसवायचं दुसरंच. आता कोणी डेमो दिला तर मी सांगेन, डेमोच्या गाडीतल्या ॲम्पचं आणि प्रोसेसरचं मॉडेल नंबरसकट नाव लिहून घ्या आणि तेच नाव बिलावर आणा. तो कां-कूं करायला लागला की उठा.

कोटेशन असं होतं. प्रोसेसरसकट ॲम्प २८,०००, पुढचे कंपोनंट स्पीकर १४,५००, मागचे ६,५००, सेंटर ४,५००, वूफर १२,५००, वायरिंग आणि डॅम्पिंग (पत्र्याची थरथर दाबणारी शीट) ९,०००, फिटिंग आणि ट्यूनिंग ५,०००. झाले ८०,०००. वर 'जीएसटी १८ टक्के' म्हणून १४,४००. ॲडव्हान्स २५,००० यूपीआयने दिले, गाडी ताब्यात घेताना ४०,००० यूपीआयने आणि २९,४०० रोख. रोखीचा आग्रह त्याचाच होता. "साहेब, आज कारागिरांचा पगार हाय, तेवढं कॅश द्या की." दोन्ही वेळा यूपीआयवर दुकानाचं नाव आलं नाही, कुणा व्यक्तीचं आलं. "भावाचं खातं हाय," म्हणाला. इकडे अर्धा बाजार भावाच्या, बायकोच्या खात्यावर चालतो, त्यात मला वेगळं काय वाटणार?

आता जी गोष्ट मला रात्री झोपू देत नाही ती सांगतो.

फिटिंगच्या दिवशी संध्याकाळी ॲम्प डिकीत बसवत होते. वरच्या पत्र्यावर मोठ्या सोनेरी अक्षरांत '४००० वॅट'. आणि बाजूला, बॅटरीची वायर जिथे आत शिरते तिथे, दोन निळे फ्यूज, १५-१५ अँपियरचे. मी ते पाहिले. वाकून, मोबाइलचा टॉर्च मारून पाहिले. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलंय. गाडी चालू असताना बॅटरीचा व्होल्टेज साधारण १४. तीस अँपियर गुणिले चौदा, म्हणजे ४२० वॅट. त्या डब्यात फ्यूज न उडता यापेक्षा जास्त शक्ती सतत जाऊच शकत नाही, मग बाहेर कुठून येणार? साध्या ॲम्पमध्ये त्यातली निम्म्याच्या आसपास उष्णतेत जाते, आणि डी क्लासचा, म्हणजे कमी तापणारा, चांगला ॲम्प असला तरी स्पीकरपर्यंत साडेतीनशेच्या आतच पोचते. खरे चार हजार वॅट ओढायचे तर २८५ अँपियर लागतील, आपल्या गाडीचा अल्टरनेटर त्याच्या जवळपासही नसतो. हे सगळं माझ्या डोक्यात त्या क्षणी आलं होतं. मी विचारलंसुद्धा, "शेठ, तीस अँपियरमध्ये चार हजार वॅट कसे बसतात?"

तो हसला. "साहेब, फ्यूज नुसता सेफ्टीला असतोय. ह्ये पीएमपीओ वॅट हाईत. थांबा, वाजवूनच दावतो." आणि त्याने व्हॉल्यूम वर नेला. (पीएमपीओ म्हणजे क्षणभराचा, जाहिरातीपुरता फुगवलेला आकडा.)

तिथेच मी गाडीची चावी काढून घ्यायला हवी होती. ॲडव्हान्सचे २५,००० गेले असते, उरलेले ६९,४०० वाचले असते. पण त्या वेळी दारांची पॅनल उघडी होती, कंपनीचे स्पीकर काढलेले होते, सीट बाहेर ठेवलेल्या होत्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला जतला पोचायचं होतं. अशा वेळी माणूस भांडत नाही. त्यांना ते चांगलं ठाऊक असतं, म्हणूनच ॲम्पचा खोका आधी उघडून दाखवत नाहीत, गाडी खोलल्यावर दाखवतात. आणि आवाज एकदम मोठा झाला की कानाला तो पहिल्यांदा चांगलाच वाटतो. हे माझ्यासारख्यालाच नाही, कुणालाही होतं.

'ट्यूनिंग' म्हणजे त्याने ॲम्पवरचे दोन स्क्रू पेचकसने फिरवले. खऱ्या डीएसपीचं ट्यूनिंग असं होत नाही. आपल्याकडे ड्रायव्हर उजव्या दाराला चिकटून बसतो. डावा स्पीकर लांब, त्याचा आवाज उशिरा येतो. आवाज एका मिलिसेकंदात जेमतेम ३४ सेंटिमीटर जातो, म्हणून जवळच्या स्पीकरला अंतराच्या फरकाएवढा उशीर लावून सगळ्यांचे आवाज कानापाशी एका वेळी आणावे लागतात. त्यासाठी ड्रायव्हरच्या डोक्याच्या जागी माइक लावतात, लॅपटॉप जोडतात, प्रत्येक स्पीकर वेगळा वाजवून मोजतात. माइक आणि लॅपटॉप न काढता कोणी ट्यूनिंगचे पैसे मागितले तर देऊ नका. मी ५,००० दिले.

महिना सरायच्या आत ॲम्प तापून बंद पडायला लागला. लाल दिवा लागायचा, गाणं थांबायचं. तानपुरा सगळा डावीकडे ओढल्यासारखा, जवारी फाटलेली. दुकानात गेलो की "ऊन लई हाय साहेब, डिकी तापती." शेवटी कोल्हापूरच्या एका जाणकाराकडे गाडी नेली. त्याने दार उघडलं आणि मला बोलावून दाखवलं. सेंटर स्पीकरची वायर पुढच्या डाव्या स्पीकरच्याच वायरीला पिळून जोडलेली होती. चार ओहमचे दोन स्पीकर असे जोडले की ॲम्पला दोन ओहमचा भार बसतो, तो तापणारच. सेंटरचं वेगळं चॅनल नव्हतंच. मागच्या स्पीकरना पुढचंच गाणं जात होतं. प्रोसेसर नावाची वस्तू त्या डब्यात नव्हती, साधा बोर्ड होता. 'शुद्ध तांब्याची' वायर ब्लेडने खरवडली तर आतून पांढरी, तांब्याचा नुसता मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. डॅम्पिंगची शीट डिकीचं झाकण उघडल्यावर दिसेल तेवढ्याच भागात, दारांत एक तुकडा नाही. आणि जोडणीचा कपलर न वापरता कंपनीच्या वायरींचा जुडगा (हार्नेस) सरळ कापलेला. सर्व्हिस सेंटरने ते बघून सांगितलं की इलेक्ट्रिकलची वॉरंटी आता मिळणार नाही.

सराउंडबद्दल एक गोष्ट मला त्या कोल्हापूरच्या माणसाने समजावली, ती आधी कुणी सांगितली असती तर हे घडलंच नसतं. ५.१ म्हणजे पाच वेगळे आणि सहावा फक्त खालच्या सुरांचा, असे सहा वेगवेगळे आवाज. ते रेकॉर्डिंगमध्ये असावे लागतात, वाजवणाऱ्या यंत्राला उलगडता यावे लागतात आणि प्रत्येकाची वाट शेवटपर्यंत वेगळी राहावी लागते. मोबाइलवरून ब्लूटूथने गाणं लावलं की डेककडे (डॅशबोर्डमधल्या म्युझिक सिस्टीमकडे) दोनच चॅनल येतात, डावं आणि उजवं. चांगला प्रोसेसर त्या दोनांतून मागचा आणि मधला आवाज तयार करतो, त्यालाही कला लागते, आणि ते ऐकायला सुंदर असतं. पण ते ५.१ रेकॉर्डिंग नव्हे. माझ्या ॲम्पवर 'डॉल्बी ॲटमॉस रेडी' असं स्टिकर होतं. (ॲटमॉस म्हणजे डोक्यावरूनही आवाज आल्यासारखा वाटायला लावणारं सराउंडचं तंत्र.) ॲटमॉस गाडीत मिळतं, महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या गाड्यांत ते कंपनीकडूनच सोळा स्पीकरसह आलंय. चार चॅनलच्या डब्यावर स्टिकर चिकटवून ते येत नाही. पैसे देण्याआधी पेन ड्राइव्हवर चॅनल तपासायची फाइल घेऊन जा. 'फ्रंट लेफ्ट', 'सेंटर', 'रिअर राइट' असं एकेक स्पीकर आपलं नाव बोलतो. दोन स्पीकर एकदम बोलले तर तुम्हाला फसवलंय.

कंपनीचे काढलेले चार स्पीकर मागितले तर "भंगारात गेले" म्हणाला. माझ्या मालकीची वस्तू, मला न विचारता! काढलेला प्रत्येक सुटा भाग त्याच दिवशी पिशवीत घालून घरी आणा.

मग बिल नीट पाहिलं. जीएसटी क्रमांक २९ ने सुरू होणारा. महाराष्ट्राचा कोड २७ आहे, २९ कर्नाटकचा. सांगलीतल्या दुकानाचं सांगलीतल्या गिऱ्हाइकाला दिलेलं बिल, त्यावर केंद्राचे नऊ आणि राज्याचे नऊ टक्के वेगळे दाखवायला हवेत, इथे सरसकट १८. पोर्टलवर क्रमांक टाकला तर नोंदणी रद्द झालेली, आणि व्यवसाय भलताच. म्हणजे १४,४०० रुपये सरकारच्या नावाने घेतले आणि खिशात घातले. हे तपासायला मोबाइलवर एक मिनिट लागतं, लॉगिनही लागत नाही. पैसे देण्याआधी तपासा.

आता पोलीस ठाण्याचं ऐका. अंमलदारांनी अर्ज वाचला आणि विचारलं, "गाडीत गाणी वाजतात ना? मग फसवणूक कसली?" मी वायरीचे फोटो दाखवले, फ्यूजचं गणित मांडलं, बिल दाखवलं. "हा दिवाणी वाद आहे, कोर्टात जा." साहेब, माणसाने सोन्याच्या भावाने पितळ विकलं तर तोही दिवाणी वाद का? बनावट कर क्रमांक छापून पैसे घेणं हाही दिवाणी वाद का? भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणूक हा गुन्हा आहे, पूर्वीचं ४२०. मी ते म्हणालो तर "कायदा आम्हाला शिकवू नका" असं ऐकून घ्यावं लागलं. अर्जावर पोच द्यायलाही तयार नव्हते. मी भिंतीला टेकून उभा राहिलो तेव्हा कुठे शिक्का मारून मिळाला. त्यानंतर फोन केला की साहेब बंदोबस्तात, साहेब रजेवर, अर्ज चौकशीवर. दरम्यान दुकानाची पाटी बदलली. तीच जागा, तीच पोरं, नवं नाव! मी जाऊन तेही सांगितलं. "नवीन मालक आहे म्हणतात, त्यांना कसं धरणार?" विचारलं कुणी? भाडेकरार पाहिला? नाही.

कर कार्यालयात बिलाची प्रत दिली तर "ऑनलाइन तक्रार करा", ऑनलाइन केली तर उत्तर नाही. बँकेने सांगितलं, यूपीआय तुम्ही स्वतः पिन टाकून केलंय, आमचा संबंध नाही. ग्राहकांसाठी असलेल्या एका हेल्पलाइनवर तक्रार क्रमांक मिळाला आणि नंतर मेसेज आला की दुकानाकडून प्रतिसाद न आल्याने तक्रार बंद करत आहोत. ज्याने फसवलं त्याने उत्तर दिलं नाही म्हणून तक्रार बंद! याचा अर्थ काय लावायचा माझ्यासारख्याने? नियमाने कर भरणारा, हप्ते चुकवत नसलेला माणूस प्रत्येक खिडकीवर भिकाऱ्यासारखा उभा राहतो आणि तो शेठ नव्या पाटीखाली नवा डेमो देतो. घरात बायको काही बोलत नाही. पण शेजारचे काका विचारतात, "काय रे, वाजतंय का सराउंड?" त्या वेळी मान खाली जाते.

पोलीस गुन्हा नोंदवत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांकडे टपालाने लेखी तक्रार पाठवता येते, स्पीड पोस्टाची पावती जपून ठेवा. मी पाठवलीय. आणि ग्राहक आयोगाला घाबरू नका. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, ऑनलाइन दाखल होते. मुदत दोन वर्षांची आहे, त्यामुळे आज-उद्या करत बसू नका. दुरुस्तीआधी उघड्या दाराचा व्हिडिओ काढा. ज्याने बघितलं त्याच्याकडून लेटरहेडवर लेखी अहवाल घ्या. मी कोल्हापूरला तो घेतला म्हणूनच आज हातात काहीतरी आहे. रोख दिलेल्या २९,४०० ची पावती माझ्याकडे नाही, ते पैसे सिद्ध करायला आता फक्त व्हॉट्सॲपवरचा त्याचा 'मिळाले' एवढा मेसेज आहे. तो मी प्रिंट काढून जोडलाय.

याच दुकानातून, जुन्या किंवा नव्या पाटीखाली, कुणी ॲम्प किंवा सराउंड बसवून घेतलं असेल तर आधी फ्यूज पाहा, मग दाराचं पॅनल उघडून घ्या, आणि बिलावरचा जीएसटी क्रमांक २९ ने सुरू होतो का ते बघा. होत असेल तर मला मेसेज करा. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३५ खाली एकाच प्रकारे फसलेल्या अनेक ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते, आणि माझा वकील तो अर्ज तयार करतोय.