संभाजीनगरचा आर्ट वॉक : पैसे वसूल, पण सोनेरी महल आधी करा

पाचपैकी साडेतीन स्टार. दीड कामून कापला ते खाली सांगतो, पण आधी हे क्लिअर करतो की वॉक चांगला आहे, आणि "आपल्याकडं कुठंय आर्ट गॅलरी, ती मुंबईला जहांगीर" असं म्हणणाऱ्या माणसानं तर एकदा करायलाच पाहिजे.

रविवारी सकाळी एक लोकल ग्रुप नेतो, नाव टाकत नाही कारण पोरं मेहनती आहेत. माणशी ३०० रुपये. क्रांती चौकातनं निघायचं, पैठण गेट, गुलमंडी, सिटी चौक, भडकल गेट करत पाणचक्कीपर्यंत पायी, तिथनं सोनेरी महलाला रिक्षानं. रिक्षाचे पैसे वेगळे, हे आधी सांगत नाहीत.

सुरुवात क्रांती चौकातल्या महाराजांच्या पुतळ्यापासून. पुतळा २१ फूट, चौथरा ३१, मिळून ५२, अनावरण फेब्रुवारी २०२२ मध्ये झालं. जालना रोडनं रोज जाणाऱ्याला हे पाठ असतंय पण आपण बघतो कसं, तर सिग्नल सुटायच्या आधी हेल्मेटमधनं. उड्डाणपूल झाल्यावर जुना पुतळा पुलापुढं बुटका दिसायला लागला होता म्हणून उंची वाढवा अशी मागणी झाली, म्हणजे शिल्प किती उंच करायचं ते शिल्पकारानं कमी आणि पुलानं जास्त ठरवलं! चौथऱ्याच्या अगदी पायथ्याशी उभं राहून काही कळत नाही, नुसती मान दुखती. रस्ता ओलांडून पलीकडं जा, तिथनं बघा.

पैठण गेट ते गुलमंडी आम्ही जवळपास पळतच गेलोत, दुकानं उघडायच्या आत पुढं निघायचं म्हणून. ठीक आहे, तिथं गर्दीत उभं राहून ऐकणं होतच नाही.

आता तक्रार. फेब्रुवारी २०२३ मध्ये जी-२० ची डब्ल्यू-२० (म्हणजे महिलांच्या गटाची) बैठक आपल्याकडं झाली तेव्हा शहरातल्या भिंती रंगवल्या होत्या, आठवतंय ना, लोक गाड्या थांबवून फोटो काढत होते. त्यातलं काय उरलंय आणि काय वाढदिवसाच्या बॅनरखाली गेलंय हे बघत चालण्यासारखी दुसरी गंमत नाही, एका ठिकाणी तर पानाच्या पिचकाऱ्या चित्राच्या रंगात अशा मिसळल्यात की कुठलं आधीचं आणि कुठलं नंतरचं ते कळंना. पण गाईड भिंतीकडं बघायलाच तयार नाही! नाव आर्ट वॉक आणि सगळं बोलणं कोणत्या साली कोणी काय बांधलं ह्याच्यावर. कोणी विचारलं की ही चित्रं कोणी काढली, तर म्हणे "ते नवीन आहे सर, हेरिटेज नाही". अहो, शहरात सरकारी चित्रकला कॉलेज आहे, पोरं तिथं शिकून बाहेर पडतात, त्यातल्या एकाला बोलवून अर्धा तास दिला तर काय बिघडतंय? एक स्टार इथं गेला.

भडकल गेटला मात्र गाईड फॉर्मात होता. मलिक अंबरनं मुघलांवरच्या विजयाची खूण म्हणून १६१२ मध्ये बांधला, शहरातला सगळ्यात मोठा दरवाजा, आत उभं राहून वर बघितलं की कमानी एकीत एक गुंतत जातात ते खरंच बघण्यासारखं. पण तिथंच शेजारी बाबासाहेबांचा पुतळा आहे आणि १४ एप्रिलला ह्याच चौकात पाय ठेवायला जागा नसते, त्याच्याबद्दल एक वाक्य नाही. चारशे वर्षांपूर्वीचं काम आणि आजही लोक हार घेऊन जिथं येतात ते काम असं बाजूबाजूला दुसऱ्या कोणत्या शहरात मिळणार, मला तर तिथंच तासभर बसावंसं वाटत होतं.

पाणचक्कीला वेळ द्या. साधारण सहा किलोमीटरवरच्या डोंगरातनं जमिनीखालच्या मातीच्या नळानं पाणी आणलंय, ते भिंतीवर चढवून वरनं हौदात सोडलंय, आणि त्याच्याच जोरावर जातं फिरायचं, दर्ग्यावर येणाऱ्या लोकांसाठी पीठ दळायचे. बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा हाच. मोठ्या हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत, हे ऐकल्यावर आमच्यातली एक काकू म्हणली "गळत नसंल का हो", मीही तेच विचारणार होतो. उन्हाळ्यात त्या दालनात थंड का असतंय ते वरचं पाणी बघितलं की आपोआप कळतं.

सोनेरी महल शेवटी ठेवलाय, ही सगळ्यात मोठी चूक, उरलेला अर्धा स्टार त्याचा. बुंदेलखंडच्या पहाडसिंगानं बांधलेला, आतल्या सोन्याच्या रंगातल्या चित्रांवरनं हे नाव पडलं म्हणतात, आता तिथं राज्य पुरातत्त्व खात्याचं म्युझियम आहे. जुन्या मूर्ती, भांडी, कपडे, आणि मागं डोंगर. गर्दी नाही, कोणी "पुढं चला" म्हणत नाही, एकेका मूर्तीपुढं हवं तेवढं उभं राहा. पण तोपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं, पायाचे तुकडे पडलेले, निम्मे लोक बाहेरच सावलीत बसले. हेच सकाळी पहिलं केलं असतं तर? मी तर म्हणतो नेणाऱ्यांनी रूट उलटाच करावा, आधी महल मग पाणचक्की, भडकल, आणि शेवट गुलमंडीवर इमरती खाऊन, दुकानंही तोवर उघडलेली असतात.

शिवाजी महाराज पुराणवस्तू संग्रहालय ह्या वॉकमध्ये नाही, ते वेगळं करा. जुनी पैठणी, चिलखत आणि औरंगजेबाच्या हातचं म्हणून दाखवतात ते कुराण तिथं आहे. आणि म्युझियमची सुट्टी कधी असते ते आधी विचारून घ्या, नाहीतर गेटवरनं परत यावं लागतं.

आईवडलांना नेणार असाल तर नोव्हेंबर ते जानेवारीतच न्या, वाटेत बसायला नीट जागा पाणचक्कीशिवाय कुठंच नाही. लहान पोरांना हौदातले मासे आवडतात, बाकी कशात त्यांना रस नाही, माझा पुतण्या पूर्ण वेळ "इमरती कधी" एवढंच विचारत होता.