सात महिने उशाशी रोबोटमॅन

डूम पॅट्रोल या अमेरिकन सुपरहिरो टीमच्या साठच्या दशकातल्या जुन्या कॉमिक्सचा एकत्र जाडजूड ग्रंथ, म्हणजे सिल्व्हर एज ऑम्निबस, घेऊन सात महिने झाले, आत्ता लिहितोय कारण आत्ता कुठं वाचून संपलाय. हजारावर पानं, हार्डकव्हर, वजन म्हणजे पाटाच. झोपून छातीवर ठेवून वाचायचा नाद करू नका, मी केला, डुलकी लागली आन् पुस्तक नाकावर. येतानाच एक कोपरा चेपलेला, ज्याच्याकडनं मागवलं त्याला दोनदा मेल केला, उत्तर नाही, दिलं सोडून. बाइंडिंग मात्र अजून पक्कं आहे.

मी घेतलं ते फक्त क्लिफ स्टीलसाठी, म्हणजेच रोबोटमॅनसाठी. गाड्यांच्या रेसमधला ड्रायव्हर, अपघातात शरीराचा चुराडा होतो, मेंदू तेवढा वाचतो आणि टीमचा चीफ नाइल्स कॉल्डर तो मेंदू पत्र्याच्या देहात बसवतो. माय ग्रेटेस्ट अॅडव्हेंचर या कॉमिकच्या जून १९६३ च्या ८० व्या अंकात हे सगळं पहिल्यांदा आलं. अर्नोल्ड ड्रेक आणि बॉब हेनीची स्टोरी, ब्रूनो प्रेमियानीचं ड्रॉइंग, आणि ड्रॉइंग खरंच जगात भारी, तोंड धातूचं असून गडी वैतागलाय ते मान आणि खांद्यावरनं कळतं. शत्रू कोण, तर बरणीतला मेंदू आणि बोलणारा गोरिला! हसू येतं, पण इकडं मेंदू पत्र्यात, तिकडं मेंदू बरणीत, हे नंतर डोक्यात घोळत राहतं.

आमचं उद्यमनगरात लेथचं काम. आमचे मिस्त्री जॉब काढला की मायक्रोमीटर नंतर लावतात, आधी नख फिरवतात, "खरखरतंय रे, अजून एक कट मार." क्लिफला हे जमलं नसतं बघा, पत्र्याच्या बोटाला स्पर्श कुठं कळतोय. माझ्या डाव्या हाताच्या एका बोटाला तीन वर्षांपूर्वी लेथवरच्या धातूच्या चिपनं कापलं, टोक अजून बधिर आहे, त्या बोटानं चहाचा ग्लास धरला की गरम शेजारच्या बोटाला कळतं. क्लिफला शेजारचं बोटपण नाही. जुन्या गोष्टी यावर फार थांबत नाहीत, त्याचा हात तुटतो, चीफ नवा बसवतो, पुढची मारामारी सुरू. पुढं १९८९ पासून ग्रँट मॉरिसननं लिहिलं त्यात हे दुखणं नीट येतं, त्यामुळं जमलं तर तेपण वाचा.

खटकलं ते म्हणजे मधले बरेच अंक एकाच साच्यातले, आणि रीटाला टीममधली पोरगी म्हणून जी वागणूक देतात ती आज वाचवत नाही. १९६८ चा १२१ वा अंक मात्र चुकवू नका. मासेमारीच्या गावातली फक्त चौदा माणसं आणि त्यांच्यासाठी... पुढचं सांगत नाही.

परवा पुस्तक वर्कशॉपला नेलं. मिस्त्रींनी चष्मा लावून क्लिफच्या खांद्याचा जोड बराच वेळ बघितला. म्हणाले, "ह्यात ग्रीस कुठनं भरायचं?" नातवाला दाखवतो म्हणून घरी घेऊन गेलेत, अजून परत आलेलं नाही.